पारा गेला, काटा राहिला

दिवाळीच्या साफसफाईत कपाटाच्या वरच्या कप्प्यातून कातडी केसमधला कॅमेरा खाली येतो. कधी वडिलांचा यशिका, कधी आखातातून आलेल्या काकांनी आणलेला कॅनन. घरातले कोणीतरी धूळ पुसते, रोल पुढे सरकवायची तरफ ओढते, डोळ्याला लावून पाहते. आतला काटा ढिम्म हलत नाही. ‘गेला हा,’ असा निकाल तिथल्या तिथे लागतो आणि कॅमेरा शोकेसमध्ये तरी बसतो किंवा भंगारात तरी जातो. बहुतेक कॅमेऱ्यांच्या तळाशी रुपयाच्या नाण्याने उघडता येईल असे एक गोल झाकण असते. ते उघडून पाहण्याचे मात्र कोणाच्या मनात येत नाही.

हा निकाल फार घाईचा आहे. फिल्म पुन्हा वापरात येते आहे. पेन्टॅक्ससारख्या जुन्या कंपनीने २०२४ मध्ये ‘पेन्टॅक्स १७’ हा नवा कोरा फिल्म कॅमेरा बाजारात आणला. अशा काळात घरातली चालती यंत्रे केवळ एका सेलपायी मृत ठरावीत, ही खरोखर वाईट गोष्ट आहे.

सेल संपल्यावर प्रत्येक कॅमेरा वेगळा वागतो, आणि गोंधळ तिथेच सुरू होतो. १९७६ साली आलेला कॅनन एई-१ पूर्णपणे विजेवर चालतो. त्यातला ६ व्होल्टचा सेल संपला की शटर पडतच नाही, आणि पाहणाऱ्याला कॅमेरा कायमचा बिघडल्यासारखा वाटतो. त्याच काळातले पेन्टॅक्स के१०००, निकॉन एफएम आणि त्याआधीचा ऑलिम्पस ओएम-१ यांचे शटर दाते आणि स्प्रिंगांवर चालते. सेल नसला तरी ते फोटो काढतात, फक्त प्रकाश मोजणारा काटा निजलेला असतो. सर्वांत फसवा यशिका इलेक्ट्रो ३५. यात सेल नसताना बटण दाबले तरी शटरचा ‘टक्’ आवाज येतो, म्हणून सगळे ठीक आहे असे वाटते. प्रत्यक्षात शटर दर वेळी सेकंदाच्या पाचशेव्या भागातच उघडून मिटते. घरातल्या पूजेचे, बारशाचे फोटो त्या वेगाने काढले तर धुवून आलेला रोल काळोखाचाच असणार. याच कॅमेऱ्याच्या पाठीवर सेल तपासण्याचे एक बटण आहे. ते दाबल्यावर फोटोंचा आकडा दाखवणाऱ्या खिडकीत हिरवा दिवा लागतो. एवढी सोय असूनही ते बटण कशाचे हे घरात कोणाला ठाऊक नसते, कारण माहितीपुस्तिका कधीच रद्दीत गेलेली असते.

झाकण उघडणे हेही घाईचे काम नव्हे. वीस-पंचवीस वर्षे आत राहिलेला सेल पाझरलेला असू शकतो. अल्कलाइन सेलमध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइड असते. ते बाहेर येऊन पांढरट-हिरवट बुरशीसारखा थर धरते आणि झाकणाचे आटे जाम करते. कोकणात किंवा मुंबईत, जिथे चार महिने भिंतींनाही ओल येते, तिथे हे प्रकरण जास्तच चिघळते. झाकण जोर लावून फिरवले तर आटे मोडतात. कापसाच्या काडीवर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन तो थर हळूहळू उतरवावा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडे करावे. चकाकी आणायच्या आवेशात पॉलिश पेपर घासू नये. इतके करूनही काटा हलला नाही, तर संपर्कपट्टीला जोडलेली बारीक तार गंजाने खाल्लेली असण्याची शक्यता मोठी. ती बदलणे दुरुस्तीवाल्याचे काम, पण तासाभराचे.

आता खरा प्रश्न. झाकणाखालून निघालेल्या सेलवर ‘पीएक्स ६२५’ असे लिहिलेले असेल, तर तो पाऱ्याचा सेल आहे आणि तसा सेल आता दुकानात मिळत नाही.

पाऱ्याचा सेल सॅम्युएल रुबेन या अमेरिकन संशोधकाने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, लष्कराच्या उपकरणांसाठी घडवला. त्याचा गुण एकच, पण मोलाचा: १.३५ व्होल्टचा दाब तो शेवटपर्यंत जवळजवळ तसाच धरून ठेवत असे आणि संपताना एकदम कोसळत असे. साठ-सत्तरच्या दशकांत कॅमेऱ्यात प्रकाशमापक बसवणाऱ्या जपानी आणि जर्मन अभियंत्यांना यापेक्षा सोयीचे काय हवे होते? मिनोल्टा एसआर-टी १०१, ऑलिम्पस ओएम-१, कॅननेट, रोलाय ३५ आणि आपल्याकडच्या असंख्य फोटो स्टुडिओंत दिसणारा यशिकामॅट १२४जी, हे सगळे याच सेलवर विसंबून बांधले गेले.

त्यांच्या आतली रचना साधी होती. कॅडमियम सल्फाइडच्या चकतीवर उजेड पडला की तिचा विजेला होणारा विरोध कमी होतो, प्रवाह वाढतो आणि काटा वर जातो. दाब स्थिर आहे असे गृहीतच धरलेले. वाण्याकडच्या भाषेत सांगायचे, तर हे मापक म्हणजे स्प्रिंगचा काटा; स्प्रिंग बदलली की वजन चुकले. पेन्टॅक्स स्पॉटमॅटिकच्या अभियंत्यांनी वेगळी वाट धरली. त्यांनी दोन बाजू एकमेकींशी तोलणारी जोडणी वापरली, म्हणजे पारड्यांचा तराजू. त्यामुळे सेल १.३५ चा असो की १.५५ चा, स्पॉटमॅटिकचे मोजमाप बदलत नाही. पाऱ्याच्या सेलवर विसंबलेल्या वरच्या कॅमेऱ्यांना ही मुभा नाही.

जुन्या छायाचित्रकारांमध्ये पाऱ्याच्या सेलबद्दल हळहळ ऐकू येते. ‘सरकारांनी बंदी घातली आणि चांगल्या कॅमेऱ्यांची वाट लावली,’ असे सरसकट बोलले जाते. ही तक्रार मान्य करता येत नाही. जपानमधल्या मिनामाता या किनाऱ्यावरच्या गावी चिस्सो कंपनीच्या कारखान्यातून पाऱ्याचे विषारी संयुग खाडीत सोडले जात होते. मासे खाणाऱ्या कोळ्यांच्या घरांत हातपाय वाकडे झालेली, बोलता न येणारी मुले जन्मली. या आजाराची अधिकृत नोंद १९५६ मध्ये झाली आणि सांडपाणी थांबायला १९६८ उजाडले. १९७१ पासून अमेरिकन छायाचित्रकार युजीन स्मिथ पत्नी आयलीन यांच्यासह तिथे राहिले आणि त्यांनी ही माणसे जगाला दाखवली. आपल्या विकलांग मुलीला न्हाऊ घालणाऱ्या आईचे त्यांचे छायाचित्र ज्याने पाहिले, तो ते विसरू शकत नाही. १९७२ मध्ये कंपनीच्या माणसांच्या मारहाणीत स्मिथ गंभीर जखमी झाले, दृष्टीवर परिणाम झाला. त्या दिवसांत त्यांच्या हातात मिनोल्टाचे कॅमेरे होते. मिनोल्टाच्या त्या काळातल्या कॅमेऱ्यांच्या पोटात पाऱ्याचाच सेल असे, हे आठवले की अंगावर काटा येतो.

मिनामातातला पारा सेलमधून आलेला नव्हता, हे खरे. पण वापरून फेकलेले सेल कचरा डेपोत जात, जाळले जात, आणि त्यांतला पारा हवा-पाण्यात उतरत असे. अमेरिकेने १९९६ मध्ये पाऱ्याच्या ऑक्साइडचे बटण सेल विकणे बंद केले, युरोपही मागोमाग त्याच वाटेने गेला. २०१३ मध्ये पाऱ्यावरच्या आंतरराष्ट्रीय कराराला मिनामाताचेच नाव देण्यात आले. भारताने तो २०१८ मध्ये मान्य केला. कॅमेऱ्याच्या काट्यापेक्षा खाडीतला मासा आणि तो खाणारे पोर मोठे. म्हणून ‘जुन्या साठ्यातला अस्सल पीएक्स ६२५’ असे सांगून कोणी विकत असेल, तर तो घेऊ नये. विकणाऱ्यानेही विकू नये.

मात्र पाऱ्याची जागा हाताला येईल त्या सेलने भरणे हाही उपाय नव्हे, आणि आज सर्रास तेच होते. घड्याळवाल्याकडून एलआर ४४ आणायचा, भोवती कागदाची घडी ठेवून दाबून बसवायचा, काटा हलला की खूश. एलआर ४४ अल्कलाइन आहे. नवा असताना तो दीड व्होल्टच्या वर असतो आणि मग वापरासरशी उतरत जातो. सुरुवातीला मापक उजेड जास्त आहे असे सांगतो, माणूस भिंगाचे छिद्र बारीक करतो आणि निगेटिव्हमधल्या सावल्या कोऱ्याच राहतात. महिन्या-दोन महिन्यांनी चूक बदललेली असते, त्यामुळे एकदाच हिशेब करून सुधारणाही करता येत नाही. कॅमेऱ्यातली सेल-तपासणीची खूण इथे मदतीला येत नाही. सेलमध्ये जोर आहे एवढेच ती सांगते, तो जोर जास्त असल्याची तक्रार ती करत नाही. रंगीत रोल, धुलाई आणि स्कॅनिंग यांचा खर्च आज हजार रुपये सहज ओलांडतो. तिथे चुकीच्या सेलची बचत कसली?

योग्य वाटा दोन. पहिली औषधांच्या दुकानातून जाते: कानाच्या यंत्राचा ६७५ क्रमांकाचा झिंक-एअर सेल. त्याचा दाब पाऱ्याच्या सेलच्या अगदी जवळचा आणि बराच स्थिर. तो आकाराने लहान असल्यामुळे भोवती रबरी कडे बसवावे लागते. नळाचा योग्य मापाचा वॉशरही चालतो. पाठीवरची चिकटपट्टी काढली की हवा आत शिरते आणि सेल जागा होतो, म्हणून बसवण्याआधी काही मिनिटे उघडा ठेवावा. एकदा जागा झालेला हा सेल वापरा किंवा न वापरा, काही आठवडे ते काही महिन्यांत सुकतो. दुसरी वाट जास्त टिकाऊ: सिल्व्हर ऑक्साइडचा सेल आणि त्याचा १.५५ व्होल्टचा दाब ०.२ ने उतरवणारा शॉट्की डायोड. हा डायोड बसवलेली धातूची तयार कडी मिळते, किंवा मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजारासारख्या ठिकाणी जुन्या कॅमेऱ्यांवर हात बसलेला कारागीर तो आतल्या तारेत जोडून देतो.

विकत घेणाऱ्याने तर आग्रहच धरायला हवा. सेलचे झाकण समोर उघडून दाखवल्याशिवाय जुन्या कॅमेऱ्याचे पैसे मोजू नयेत. रोलाय ३५ असेल तर पाठ उघडायला लावावी, कारण त्याचा सेल आत, फिल्मच्या बाजूला असतो आणि रोल भरलेला असताना बदलताच येत नाही. मग निरभ्र दुपारी अंगणात यावे. १०० आयएसओ, एफ १६ आणि सेकंदाचा एकशे पंचविसावा भाग, हे भर उन्हातले जुने माप. काटा याच्या आसपास बोलला तर मापक शुद्धीवर आहे. सावलीतही एकदा मोबाइलच्या मापकाशी ताडून पाहावे, कारण काही काटे उन्हात बरोबर आणि अंधारात चुकीचे सांगतात.

राहता राहिला काढलेला सेल. बॅटरी कचऱ्याविषयीच्या २०२२ च्या नियमांनी वापरलेल्या सर्व प्रकारच्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. नियम चांगला आहे, पण घड्याळाच्या दुकानात, कॅमेऱ्याच्या दुकानात, कानाची यंत्रे विकणाऱ्याकडे बटण सेल टाकायची एक साधी पेटी सहसा दिसत नाही. ती हवी. महापालिकांनी दुकानदारांना ती ठेवायला लावली पाहिजे आणि उत्पादकांनी ती वेळच्या वेळी रिकामी केली पाहिजे. तोपर्यंत पाऱ्याचा सेल घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत, चिठ्ठी लावून, मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवावा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडेच सोपवावा. नवे बटण सेलही तितक्याच उंचीवर असावेत. गिळलेला लिथियमचा सेल दोन तासांत लहान मुलाची अन्ननलिका जाळू शकतो.

कॅमेरा पुन्हा कपाटात जाणार असेल, तर सेल बाहेर काढून ठेवावा. रोज वापरात राहणार असेल, तर के१००० सारख्या कॅमेऱ्याच्या भिंगावर टोपी लावायला विसरू नये, कारण त्याला मापक बंद करायचे बटणच नाही आणि उजेड दिसत असेपर्यंत तो सेल पीत राहतो. कातडी केसच्या आत कागदाचा एक लहान तुकडा चिकटवून त्यावर सेलचा क्रमांक आणि बसवल्याची तारीख लिहावी. पुढच्या दिवाळीत केस उघडणाऱ्याला तो तुकडा आधी दिसेल.