ज्याची त्याची टाकी

२०२४ च्या मार्चमध्ये बंगळूरच्या महादेवपुऱ्यात टँकरचे भाव इतके भडकले, की जिल्हा प्रशासनाला दर बांधून द्यावे लागले. पाच किलोमीटरच्या आत १२ हजार लिटरचा टँकर १,००० रुपयांना. पिण्याच्या पाण्याने गाडी धुतली तर ५,००० रुपये दंड. आमच्या सोसायटीने ठरलेल्या दराच्या वर पैसे मोजले आणि टाकी भरली. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी मात्र तो महिनाभर उशिरा येत होत्या. त्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या आळंद तालुक्याच्या. सोलापूरची हद्द जवळ, त्यामुळे आमचं बोलणं मराठीतच चालतं. राहतात सोसायटीच्या भिंतीपलीकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये. "टँकर कवा येतोय ठाव न्हाई ताई, घागरी रांगेत ठेवून बसावं लागतंय," एवढंच म्हणायच्या आणि भांडी घासायला आमचा नळ सोडायच्या. त्या नळाला धो धो पाणी असायचं.

आपला देश मागे का, यावर शाळेतल्या निबंधापासून आपण तीच यादी म्हणत आलो आहोत: गरिबी, निरक्षरता, लोकसंख्या, भ्रष्टाचार. यातलं काहीच खोटं नाही. पण महादेवपुऱ्यात राहून मला या यादीच्याही वर एक गोष्ट दिसते. ज्यांच्या तक्रारीची दखल घेतली गेली असती, ते सार्वजनिक व्यवस्थेतून कधीच बाहेर पडले आहेत. पाणी नाही? बोअर मारा, टँकर लावा. वीज जाते? जनरेटर. सांडपाणी, कचरा, पहारा, शाळा, सगळं स्वतःचं. देखभालीचे पैसे दर महिन्याला भरले की महापालिकेशी संबंध उरतो तो मालमत्ता कराच्या पावतीपुरता. आणि ज्यांना तिच्याशिवाय गत्यंतर नाही, त्यांचं ऐकतो कोण?

२००७ मध्ये महादेवपुऱ्याची नगरपालिका आणि शहराभोवतालची ११० गावं बंगळूर महानगरात सामील झाली. त्या ११० गावांसाठीच्या पाणीयोजनेचं, कावेरीच्या पाचव्या टप्प्याचं उद्घाटन झालं १६ ऑक्टोबर २०२४ ला. मधल्या सतरा वर्षांत इथे काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, बाह्यवर्तुळ रस्त्यावर जगभरच्या कंपन्या आल्या. ही दिरंगाई इतकी वर्षं खपली, कारण पैसेवाल्यांची तहान टँकर भागवत होता.

सांडपाण्याला मात्र भिंत घालता येत नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये बेळ्ळंदूर तलावाला आग लागली. हो, तलावाला! सप्टेंबर २०२२ च्या पावसात तलाव भरून वाहिले, राजकालुवे म्हणजे इथले मोठे नाले अतिक्रमणांनी आवळलेले, आणि येमलूरच्या कोट्यवधींच्या बंगल्यांतली माणसं ट्रॅक्टरमधून बाहेर काढावी लागली. त्या आठवड्यात सगळ्यांनाच महापालिका आठवली. पाणी ओसरलं तशी ती आठवणही ओसरली.

जानेवारी २०२० मध्ये जवळच्याच करियम्मन अग्रहारात मजुरांच्या झोपड्यांवर बुलडोझर चालला. बेकायदा बांगलादेशी राहतात, असं कारण दिलं गेलं. राहत होते आसाम, त्रिपुरा, बंगालचे आणि आपल्या उत्तर कर्नाटकातले लोक. कुणी सोसायट्यांत झाडलोट करणारे, कुणी पहारा देणारे. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. मुख्य न्यायमूर्ती होते ठाण्याचे अभय ओक. त्यांच्या खंडपीठाने पाडापाडी थांबवली आणि सरकारला जाब विचारला. मला त्याचा अभिमान वाटला, आणि वाईटही वाटलं. घराघरांत रोज वावरणाऱ्या माणसांसाठी त्या घरांतून किती जण रस्त्यावर उतरले?

एखाद्या नगरसेवकाला धारेवर धरावं, तर या भागाला कित्येक वर्षं नगरसेवकच नव्हते. महापालिकेची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली. डिसेंबरात उच्च न्यायालयाने निवडणूक घ्यायला सांगितलं, सर्वोच्च न्यायालयात त्याला स्थगिती मिळाली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये शहराच्या पाच महापालिका होईपर्यंत सगळा कारभार अधिकाऱ्यांच्या हाती राहिला. मुंबई-पुण्याच्या वाचकांना हे नवं नाही. तिथेही मार्च २०२२ पासून वर्षानुवर्षं प्रशासकच होते. गटार तुंबलं तर कुणाच्या दारात जायचं, हे ज्या देशात सामान्य माणसाला सांगता येत नाही, त्याने महासत्तेच्या गप्पा मारू नयेत, असं मला मनापासून वाटतं.

तरी मी निराश नाही. सरजापूर रस्त्यावरचं कैकोंड्रहळ्ळीचं तळं जाऊन पाहावं. सांडपाण्याने आणि गाळाने मेल्यात जमा झालेलं हे तळं २०१० च्या सुमारास रहिवासी आणि महापालिका यांनी मिळून परत उभं केलं. फिरायला येणारे, पक्षी बघणारे, गुरांसाठी गवत नेणारे, सगळ्यांना तिथे जागा आहे. तळं खाजगी झालं नाही, म्हणून ते टिकलं. पैसेवाल्यांनी आपला वेळ आणि ओळखी स्वतःच्या भिंतीबाहेरच्या कामाला लावल्या की काय होतं, ते इथे उघड दिसतं. अशी माणसं वाढताहेत. आमच्याच सोसायटीत तरुण मुलं-मुली सुट्टीच्या दिवशी नाल्यांचे फोटो काढून तक्रारी नोंदवतात, आणि सोडवून घेईपर्यंत पिच्छा पुरवतात.

त्याच मुलांनी मावशींचं नाव आळंदच्या मतदारयादीतून इथल्या यादीत आणायचा आठ नंबरचा फॉर्म भरला आहे. शेडचा मालक भाड्याची पावती द्यायला तयार नाही, त्यामुळे निवडणूक कर्मचाऱ्याने स्वतः येऊन पाहणी करावी, असं अर्जासोबत लिहून दिलंय. तो आला नाही, तर आम्ही मावशींना घेऊन त्याच्या कार्यालयात जाणार आहोत.