रणगाडा विकत घ्यावा की करावा?

दूरनियंत्रणाने चालणाऱ्या खेळण्यातील रणगाड्यांचे वेड हल्ली आमच्या विद्यार्थ्यांत बरेच शिरले आहे, आणि वार्षिक परीक्षेचा निकाल लागण्याच्या सुमारास कित्येक पालक आम्हांस विचारतात की, अमुक एक रणगाडा मुलास घेऊन द्यावा काय? त्यांस आमचे उत्तर ठरलेले आहे. घेऊन देऊ नये, करू द्यावा. आणि करावयाचाच तर तळहातावर मावेल एवढा नव्हे, चांगला दोन हात लांबीचा करू द्यावा.

खर्च आटोपता ठेवा म्हणावयाचे आणि आकार मात्र वाढवा म्हणावयाचे, हे परस्परविरुद्ध वाटेल. परंतु हिशेब करून पाहावा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने सुमारे ४९,००० शेर्मन रणगाडे बांधले. १९४५ साली ब्रह्मदेशात मैक्तिलाच्या लढाईत आपल्या डेक्कन हॉर्स पलटणीने हेच रणगाडे चालविले. शेर्मनची लांबी ५.८४ मीटर, रुंदी २.६२ मीटर व उंची २.७४ मीटर. दुकानात मिळणारे नमुने बहुधा एक-षोडशांश प्रमाणाचे असतात. जपानातील शिझुओका येथील तामिया कंपनीचे या प्रमाणाचे रणगाडे प्रसिद्धच आहेत. या प्रमाणात शेर्मन सुमारे ३६ सेंटिमीटर लांब होतो, आणि त्याच्या पट्ट्याच्या दोन कड्यांमधील अंतर एक सेंटिमीटरही भरत नाही. शेर्मनच्या एका बाजूच्या पट्ट्यात ७९ कड्या, दोन्ही बाजूंच्या मिळून १५८. असल्या इवल्याशा १५८ कड्या साच्यावाचून हाताने करणे कोणासही शक्य नाही. म्हणून त्या विकतच घ्याव्या लागतात. आता हाच रणगाडा एक-षष्ठांश प्रमाणात घेतला तर तो ९७ सेंटिमीटर लांब होतो, कड्यांतील अंतर बरोबर एक इंच येते, आणि कडीची रुंदी सात सेंटिमीटर. एवढी कडी आठवीतील मुलगी करवतीने कापू शकते व कानशीने घासून सारखी करू शकते. सारांश, लहान वस्तूस यंत्र लागते, मोठीस हात पुरतात. आणि हात आमच्या विद्यार्थ्यांपाशी भरपूर आहेत. (याच प्रमाणाचे धातूचे तयार भाग विलायतेत मिळतात; त्यांची किंमत कित्येक हजार पौंड पडते, म्हणून त्यांचा विचार येथे करण्याचे कारण नाही.)

दुसरी एक मौजेची गोष्ट. खऱ्या शेर्मनच्या बाजूचे चिलखत ३८ मिलिमीटर जाडीचे व समोरचे ५१ मिलिमीटरचे होते. त्यांस सहाने भागावे म्हणजे सहा व साडेआठ मिलिमीटर येतात. सुताराच्या दुकानात सहा व नऊ मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडचे तुकडे नेहमी उरलेले असतात. ते आणून सांगाडा केला की चिलखताची जाडीही प्रमाणशीर साधते. वजनाचे गणित मात्र निराळे आहे. लांबी सहापटीने घटली तर वजन सहाच्या घनाने, म्हणजे २१६ पटींनी घटावयास हवे. तीस टनांच्या रणगाड्याची प्रतिकृती या न्यायाने १४० किलो भरेल! प्लायवुडची पंचवीस-तीस किलोंत होते, व तेच बरे. घनाचा हा नियम आम्ही वर्गात फळ्यावर अनेक वर्षे शिकवीत आलो. परंतु स्वतःचा रणगाडा उचलून जिन्यावरून खाली नेणाऱ्या मुलांस तो जसा उमगला, तसा फळ्यावरून कधी उमगला नव्हता.

बारा चाके प्लायवुडच्या चकत्या एकावर एक चिकटवून करता येतात; चाकाचा व्यास साडेआठ सेंटिमीटर. त्यांत ६०८ क्रमांकाची बेअरिंगे बसवावी. ती सर्वत्र मिळतात व स्वस्त असतात. तोफेच्या नळीस विजेच्या तारांची प्लॅस्टिकची नळी पुरे. येथवर कंजूषपणा शोभतो.

मोटारींच्या बाबतीत विचार केला पाहिजे. भंगारवाल्याकडे मोटारगाडीच्या वायपरची मोटार मिळते. ती दणकट असते. पण मिनिटास सुमारे ५० फेरे घेते. शेर्मनच्या दातेरी चक्रास १३ दाते. एक-षष्ठांश प्रमाणात एका फेऱ्यात पट्टा १३ इंच, म्हणजे ३३ सेंटिमीटर सरकतो. अर्थात मिनिटास साडेसोळा मीटर, तासास अवघा एक किलोमीटर. खरा शेर्मन तासाला सुमारे ४० किलोमीटर धावे; त्याचा षष्ठांश साडेसहा होतो. सायकलचे ४४ दात्यांचे मोठे चक्र मोटारीकडे व १८ दात्यांचे लहान चक्र पट्ट्याकडे लावले तर वेग अडीच किलोमीटरांच्या जवळ येतो, मात्र जोर त्याच प्रमाणात कमी होतो. एका वर्षी काही मुलांनी ही योजना मोठ्या हौसेने अमलात आणली. रणगाडा झोकात पुढे गेला. मागे मात्र येईना! सायकलचे फ्रीव्हील उलट दिशेस मोकळे फिरते, हे रोज सायकलवर शाळेत येणाऱ्या त्या मुलांच्या ध्यानी तोवर आले नव्हते. फ्रीव्हीलला झाळ देऊन घेतली तेव्हा काम झाले. विकतच्या रणगाड्यात हा प्रश्न दुसऱ्या कोणीतरी आधीच सोडवून डब्यात बंद केलेला असतो. आमचा आक्षेप आहे तो यालाच.

ज्या ठिकाणी पैसा राखू नये अशी स्थाने फार थोडी. रणगाडा वळतो तो एक पट्टा थांबवून व दुसरा चालवून. त्या वेळी पट्टे जमिनीवर आडवे घासतात, मोटार जवळजवळ अडते आणि नेहमीच्या कितीतरी पट वीज ओढते. दोन अँपिअरांपुरते बनविलेले एल २९८ जातीचे स्वस्त नियंत्रक घेणारा विद्यार्थी पहिल्याच वळणावर धूर पाहतो, आणि तीन नियंत्रक जाळल्यावर चांगल्या एकाहून अधिक खर्च करून बसतो. तेव्हा नियंत्रक भक्कम घ्यावा, बॅटरीच्या तारेत फ्यूज अवश्य घालावा. बॅटरी यूपीएसमधील शिशाची चालते. जड असते, पण रणगाड्याच्या तळाशी जडपणा हवाच असतो. दूरनियंत्रक संच २.४ गिगाहर्ट्झचा घ्यावा, आणि संदेश तुटताच मोटारी आपोआप थांबतील अशी त्याची मांडणी झाल्यावाचून गाडी जमिनीवर ठेवू नये. तीस किलोंचे हे धूड एखाद्या लहान मुलाच्या पायावरून जाऊ शकते. या एका गोष्टीत आम्ही कोणतीही सबब ऐकून घेत नाही.

पट्टा हे सर्वांत अवघड प्रकरण. बहुतेक मुले प्रथम रबरी पट्टा लावून पाहतात. तो ताणतो, व वळताना चाकावरून उतरतो. ती निराश झाली म्हणजे आम्ही त्यांस १९१५ सालची हकीकत सांगतो. इंग्लंडात लिंकन येथील फॉस्टर कंपनीत पहिला रणगाडा घडत होता. अमेरिकेहून आणविलेले पट्टे टिकेनात. बलाटा नावाच्या चिकाने मढविलेल्या कापडी पट्ट्याचीही परीक्षा झाली, आणि तोही फसला. शेवटी विल्यम ट्रिटन याने दाबीव पोलादी पत्र्याच्या कड्या एकमेकींस जोडून नवा पट्टा केला, तेव्हा कोठे मार्ग मोकळा झाला. आणि १५ सप्टेंबर १९१६ रोजी सोमच्या रणांगणावर रणगाडे प्रथम उतरले. म्हणजे आमची मुले जेथे अडतात तेथेच तो इंजिनिअरही अडला होता. हे कळल्यावर ती पुन्हा करवत हाती घेतात.

आता एका गंभीर आक्षेपाकडे वळू. युद्धाचे यंत्र विद्यार्थ्यांच्या हाती खेळ म्हणून का द्यावे, असे काही पालकांनी आम्हांस विचारले आहे. प्रश्न रास्त आहे, आणि विकतच्या खेळण्याविषयी तो आमच्या मते निरुत्तर करणारा आहे. कारण ते खेळणे मुलास दिवे, आवाज आणि गोळा सुटल्याचा भास एवढेच देते. स्वतः बांधणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्यास फिरत्या बुरुजाचे झाकण करावे लागते. शेर्मनमध्ये पाच माणसे बसत, त्यांपैकी तिघे बुरुजात. आणि प्रारंभीच्या शेर्मनच्या बुरुजास वर एकच दार होते. तोफ भरणाऱ्या शिपायास स्वतंत्र दार पुढे युद्धाच्या उत्तरार्धात मिळाले. दारूगोळ्याने पेट घेतला असता तिघांनी एका दारातून बाहेर पडावयाचे! गेल्या वर्षी नववीतील एका मुलाने त्या झाकणाचे भोक कापून, पुठ्ठ्याच्या तीन बाहुल्या एक-षष्ठांश मापाच्या करून आत बसविल्या, आणि तिसरी बाहेर काढावयास किती वेळ लागतो हे घड्याळ लावून पाहिले. नंतर बराच वेळ तो काही बोलला नाही. त्याच्या वडिलांनी आम्हांस सांगितले की, त्या रात्री त्याने जेवताना सैन्यात गेलेल्या आपल्या आजोबांविषयी प्रथमच विचारपूस केली.

अहिल्यानगर येथे, ज्यास २०२४ पूर्वी अहमदनगर म्हणत, सैन्याचे रणगाडा संग्रहालय १९९४ पासून आहे. तेथे जुने रणगाडे जवळून पाहावयास मिळतात, १९६५ च्या युद्धात हाती आलेला पॅटनही त्यांत आहे. ज्या पालकांस पैसे खर्च करावयाचेच असतील, त्यांनी मुलास एकदा तेथे न्यावे. त्याच्या हाती वही व पेन्सिल द्यावी, आणि कड्या मोजू द्याव्या. घरी परतल्यावर एक चांगली कानस घेऊन द्यावी, आणि अंगणात भुसा पडला म्हणून रागावू नये. जुन्या वायपरच्या मोटारी, मोडक्या सायकलींची चक्रे व साखळ्या कोणापाशी असल्यास त्या भंगारात न घालता शाळेच्या कार्यशाळेत पाठवाव्या. १५८ पैकी ६४ कड्या तयार झाल्या आहेत.