जंतू मारण्याआधी धुणे: शल्यचिकित्सेच्या इतिहासातील गाळलेले प्रकरण

१/८
शल्यचिकित्सेचा इतिहास बहुधा जंतुनाशाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. १८६५ साली ग्लासगो येथे जोसेफ लिस्टर यांनी मोडलेल्या पायाच्या उघड्या जखमेवर कार्बोलिक आम्लाची पट्टी बांधली. १८७९ साली फ्रान्समध्ये शार्ल शांबरलां यांनी दाबाखालील वाफेचे पात्र, म्हणजे ऑटोक्लेव्ह, सिद्ध केले. या कथेत जंतू मारण्याला मान आहे; अवजार धुण्याला मात्र जागा नाही. ही उणीव क्षुल्लक नाही.

२/८
वाफ जंतू मारते, मळ काढत नाही. चिमट्याच्या सांध्यात रक्त वाळून राहिले, तर त्या थराखालचे जंतू वाफेपासून बचावू शकतात. ते मेले तरी तो थर पुढील रुग्णाच्या जखमेत उतरू शकतो. सोवळे आणि स्वच्छ या जशा दोन गोष्टी, तशाच निर्जंतुक आणि स्वच्छ याही दोन.

३/८
जुनी अवजारे याची साक्ष देतात. लिस्टरपूर्व काळातील अनेक शस्त्रांना लाकडी वा हस्तिदंती मुठी असत. उकळत्या पाण्यात आणि वाफेत त्या टिकेनात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संपूर्ण धातूची, सांधे सुटे करता येणारी अवजारे रूढ होऊ लागली. धुण्याचा प्रश्न कारागिरांनी ओळखला होता. तरीही बारीक खाचांत ब्रश पोहोचेना.

४/८
या प्रश्नाचे उत्तर घडू लागले ते समुद्रावर. १८९३ साली जलावतरण झालेल्या ‘डेअरिंग’ या ब्रिटिश युद्धनौकेचा पंखा वेगाने फिरे, पण नौकेला अपेक्षित गती मिळेना. पात्यांलगत दाब घटून पाण्यात पोकळ्या निर्माण होतात, हे थॉर्निक्रॉफ्ट आणि बार्नबी यांनी ओळखले. अशी पोकळी मिटताना किती प्रचंड दाब उत्पन्न होतो, याचे गणित लॉर्ड रॅले यांनी १९१७ साली मांडले. नौकेची गती रोखणारी हीच घटना पुढे अवजारे धुणार होती.

५/८
पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांचा माग काढण्यासाठी पॉल लांजव्हँ यांनी क्वार्ट्झच्या स्फटिकातून श्राव्यातीत ध्वनी निर्माण केला. दाब आणि वीज यांचे स्फटिकातील नाते क्युरी बंधूंनी १८८० सालीच दाखवले होते. लांजव्हँ यांच्या प्रयोगात ध्वनिझोताजवळ आलेले मासे मेले. पाण्यातून जाणारा हा अश्राव्य ध्वनी किती बलवान आहे, ते तेव्हा दिसले.

६/८
विसाव्या शतकाच्या मध्यानंतर हे तंत्र धुण्याच्या टाकीत उतरले. टाकीतील द्रव सेकंदाला सुमारे ४०,००० वेळा कंप पावतो. त्यात अतिसूक्ष्म बुडबुडे जन्मतात आणि मिटतात. पृष्ठभागालगत मिटणारा बुडबुडा त्या पृष्ठभागाकडे द्रवाची सूक्ष्म धार सोडतो. कात्रीच्या सांध्यात आणि चिमट्याच्या दातांत अडकलेला मळ तिथे सुटतो.

७/८
मात्र टाकी म्हणजे जादू नाही. पाण्यात विरघळलेली हवा आधी काढावी लागते, अन्यथा परिणाम मंदावतो. अवजारे उघडी, पूर्ण बुडालेली आणि एकमेकांवर न रचलेली हवीत. पाणी फार गरम झाले, तर रक्तातील प्रथिने गोठून चिकटतात. टाकी जंतू मारत नाही. म्हणून नंतर खळबळणे, वाळवणे, प्रकाशात निरखणे आणि मगच ऑटोक्लेव्ह. रक्त वाळण्याआधी अवजार ओले ठेवणाऱ्या माणसावर या साऱ्याची भिस्त असते.

८/८
व्हिएन्नाच्या सेमेलवाइस यांनी १८४७ साली हात धुण्याचा आग्रह धरला, तेव्हा धुणे इतिहासात आहेच, असा आक्षेप येईल. पण ती वैद्यांच्या हातांची कथा आहे. अवजारे धुणारे हात तिच्यातही निनावीच राहतात. लिस्टर आणि शांबरलां यांचे श्रेय अबाधित ठेवूनही इतिहासाने हे मान्य करावे की, त्यांची विद्या फळते ती स्वच्छ धातूवरच. शस्त्रक्रियेची सुरक्षितता धुण्याच्या खोलीत सुरू होते. त्या खोलीचा इतिहास लिहिला गेला पाहिजे. ज्या कामाला मान नसतो, त्यात कसूर झालेली कोणाच्या लक्षात येत नाही, आणि तिची किंमत टेबलावर निजलेला रुग्ण मोजतो.