चूल नको, वैल पाहिजे!

पुण्यातून बाहेर पडून कुठल्याही हायवेला लागा. थोड्या थोड्या अंतरावर एकच पाटी दिसते: 'चुलीवरचं चिकन', 'चुलीवरचं मटण'. समोर आपल्यासारख्यांच्याच गाड्यांची रांग. आपण भाकरी मोडतो, रश्श्यात बुडवतो, 'चुलीची चव काही औरच!' म्हणतो आणि फोटो काढून परत येतो. मागे चुलीपाशी डोळे पुसत बसलेली मावशी त्या फोटोत असलीच तर सजावट म्हणून.

माझं म्हणणं असं आहे, की या चवीचं श्रेय आपण चुकीच्या खात्यावर जमा करतोय. भाकरीला, भाजलेल्या वांग्याला धुराचा वास लागतो, मान्य. पण झाकण ठेवून शिजणाऱ्या रश्श्यात धूर शिरणार कुठून? तिथली चव येते ती मंद आचेतून आणि तासांमधून. आणि या दोन्ही गोष्टी आता धुराशिवाय मिळतात.

आता मी पडलो खर्ड्याचा. (मिरचीचा खर्डा नव्हे हो! जामखेड तालुक्यातलं खर्डा, पूर्वीचा अहमदनगर आणि आताचा अहिल्यानगर जिल्हा. ११ मार्च १७९५ ला मराठ्यांनी निजामाला हरवलं ते. निजाम किल्ल्यात जाऊन बसला, मराठ्यांनी वेढा घातला आणि शेवटी तह करायला लावला. म्हणजे तिथंही मंद आचच कामी आली!) त्यामुळे चुलीबद्दल बोलायचा मला थोडाफार हक्क आहे असं मी समजतो.

ज्यांनी जुनी मातीची चूल पाहिली असेल त्यांना वैल आठवेल. चुलीला लागूनच असलेलं दुसरं तोंड. त्याखाली वेगळं सरपण घालायचं नाही. मुख्य चुलीतली उरलेली धग आतल्या भोकातून तिकडे जाते. चुलीवर भाकरी चालू असते आणि वैलावर डाळ, दूध किंवा कोंबडी गुपचूप शिजत असते. आजीचं एक ठरलेलं वाक्य होतं, "आच कमी कर रं, ती काय पळून चाललीय का आता!" थोडक्यात काय, तर वैल म्हणजे आपला देशी स्लो कुकर. फरक एवढाच, की त्याची धग चालू ठेवायला शेजारी कुणीतरी फुंकणी घेऊन बसलेलं लागायचं.

आणि ते 'कुणीतरी' म्हणजे कोण, हे सांगायची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. गॅस आता गावोगाव पोचलाय, आमच्याकडेही आहे. पण पाहुणे आले की अंगणातली चूल पेटतेच, कारण पाहुण्यांना 'चुलीवरचं' हवं असतं. पाहुणे म्हणजे बहुतेक वेळा आपणच. पुण्या-मुंबईहून आलेले.

स्लो कुकरची गोष्टही मोठी मजेशीर आहे. ज्यू लोकांत शनिवारी विस्तव पेटवायचा नाही, स्वयंपाक करायचा नाही. (आपल्या कोकणातल्या बेने इस्रायलींना शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून 'शनवार तेली' म्हणायचे, ते याच नियमामुळे.) मग लिथुआनियातली कुटुंबं शुक्रवारी संध्याकाळी बीन्स-मांसाचं भांडं बेकरीच्या निवत्या भट्टीत ठेवून यायची. ही आठवण घरात ऐकलेल्या अर्व्हिंग नॅक्सॉन नावाच्या अमेरिकन संशोधकानं विजेवर चालणारं भांडं बनवलं. १९४० मध्ये पेटंट मिळालं, आणि १९७१ मध्ये दुसऱ्या कंपनीनं ते 'क्रॉक-पॉट' नावानं बाजारात आणलं. गिऱ्हाईक कोण? नोकरीला जाणाऱ्या बायका. सकाळी भरायचं, संध्याकाळी जेवायचं. आपल्या भाषेत सांगायचं तर बॅच जॉब लावून घरी जायचं :)

यात आपलं काय करावं? माझ्या मते अळणी. आमच्याकडे कोंबडी शिजली की तिखट रश्श्याआधी हळद-मीठ-आल्या-लसणाचा पिवळा रस्सा बाजूला काढतात. तो लहान पोरांना, आजारी माणसाला, बाळंतिणीला. (नाव अळणी असलं तरी मीठ असतं!) त्यात भाज्या घातल्या की साहेबांचा स्ट्यू तयार.

चार जणांसाठी: बटाटे आणि गाजराचे मोठे तुकडे तळाशी घाला. आश्चर्य वाटेल, पण मंद आचेवर कंदभाज्यांना कोंबडीपेक्षा जास्त वेळ लागतो आणि धग तळाशी जास्त असते. वर हाडासकट ७५० ग्रॅम कोंबडी. कांदा, आलं, लसूण थोड्या तेलात परतून घ्या, नाहीतर कच्चा वास राहतो. हळद, मीठ, मिरे, तमालपत्र. पाणी जेमतेम बुडेल इतकंच, कारण वाफ बाहेर जात नाही. गावरान कोंबडी असेल तर 'लो'वर ७-८ तास, ब्रॉयलर असेल तर ४-५ तास पुरे. ब्रॉयलर सहाएक आठवड्यांची कोवळी असते, जास्त ठेवली की भुगा होतो. गावरान कोंबडीतला चिवटपणा मात्र हळूहळू विरघळून रश्श्यात उतरतो. तो ओठांना चिकटतो ना, तो त्यामुळेच. शेवटच्या अर्ध्या तासात मटार आणि दोन चमचे येसूर. मधे मधे झाकण उघडून बघू नका!

'कुकरला चार शिट्ट्यांत होतं की हे सगळं!' होतं, अगदी खरं आहे. पण शिट्ट्या मोजायला माणूस लागतो. इथे साधारण २०० वॅटचं भांडं ८ तास चाललं तरी दीड-पावणेदोन युनिट वीज जाते, आणि माणूस मोकळा.

दोन गोष्टी मात्र पक्क्या लक्षात ठेवा. राजमा घालायचा असेल तर आधी भिजवून, ते पाणी टाकून, ताज्या पाण्यात किमान १० मिनिटं खळखळून उकळा. मंद आचेवर त्यातलं विष जात नाही. आणि तुम्ही बाहेर असताना वीज बराच वेळ गेली असेल तर ते अन्न सरळ टाकून द्या. याच कारणानं गावी हे यंत्र पाठवायचा आग्रह मी धरत नाही. तिथे गॅसचा लहान बर्नर आणि जाड बुडाचं पातेलं हाच वैल.

माझा खरा मुद्दा यंत्राचा नाहीच. 'मंद आचेवर, प्रेमानं शिजवलेलं' असं आपण म्हणतो, तेव्हा ते प्रेम म्हणजे कुणाचे तरी सलग चार तास असतात, हे विसरतो. ते तास वाचवता येत असतील तर 'पण चुलीची सर नाही' म्हणायचा अधिकार चुलीपाशी बसणाऱ्यालाच असावा, ताटावर बसणाऱ्याला नाही. आणि स्लो कुकर बटाटे सोलत नाही. ते काम घरातल्या पुरुषांनी शनिवारी सकाळी हातात घ्यावं. अर्धा तास जातो, मॅच बघता बघता होतं.

भाकरीचं काय, हा प्रश्न अजून शिल्लक आहेच. ती गरमच लागते, आणि ती थापायला अजूनही कुणीतरी उभं असतं. त्यावर पुन्हा कधीतरी, एखाद्या वीकेंडला.