यंत्र कोणते घ्यावे?

टेक्सासमध्ये राहणाऱ्या माझ्या भाच्याचा परवा फोन आला. तो तिकडे छंद म्हणून नेमबाजी करतो. झाडलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या घरीच पुन्हा भरण्यासाठी त्याला यंत्र घ्यायचे आहे. एका वेळी एकच क्रिया करणारे साधे यंत्र घ्यावे, की दांडा ओढताच दरवेळी एक तयार काडतूस देणारे 'प्रोग्रेसिव्ह' घ्यावे, हा त्याचा प्रश्न. शेवटी तो सहज म्हणाला, "मामा, परत येताना सामानात घेऊनच येतो. तिकडे चालेल ना?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. नवशिक्याने साधेच यंत्र घ्यावे. प्रोग्रेसिव्ह यंत्रात अनेक पुंगळ्या एकाच वेळी वेगवेगळ्या टप्प्यांवर असतात आणि डोळा सगळीकडे पुरत नाही. एखाद्या पुंगळीत दारू दोनदा पडते, एखादीत पडतच नाही. पहिल्या चुकीने बंदूक फुटू शकते. दुसऱ्या चुकीने गोळी नळीत अडकते आणि तिच्यामागून पुढचा बार झाला तर अनर्थ होतो. साध्या यंत्राने काम सावकाश होते, पण दारू भरलेल्या सर्व पुंगळ्या गोळी बसवण्यापूर्वी दिव्याखाली तपासता येतात.

दुसऱ्या प्रश्नाने मात्र मला एक जुनी फाइल आठवली.

उत्तरेतील एका जिल्ह्यात मी परवाना अधिकारी असताना एका मराठी रेल्वे कर्मचाऱ्याची मुलगी अर्ज घेऊन आली होती. ती .32 सेंटर-फायर पिस्तुलाची नेमबाज होती. सरावाची काडतुसे महाग, शिवाय वेळेवर मिळत नसत. नातेवाईक परदेशातून असे यंत्र आणून देण्यास तयार होते. ते घरी ठेवता येईल काय, एवढेच तिने विचारले होते. लिपिकाने टिपणी लिहिली, 'नियमांत स्पष्ट उल्लेख आढळत नाही, वरिष्ठांचे मार्गदर्शन मागवावे.' मी खाली सही केली. मार्गदर्शन कधीच आले नाही. माझी बदली झाली. मुलीने पुढे तो प्रकारच सोडून दिल्याचे नंतर कळले.

ती सही ही माझी चूक होती. शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 2 मधील दारूगोळ्याच्या व्याख्येतच दारूगोळा तयार करण्याची यंत्रसामग्री येते. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ते यंत्र हाच दारूगोळा. कलम 3 नुसार तो बाळगण्यास परवाना लागतो, कलम 5 नुसार निर्मितीस वेगळा. हे वाचण्यास मला दहा मिनिटे लागली असती आणि 'नाही' असे एका पानात कळवता आले असते. आमच्या मौनालाच संमती समजून तिने यंत्र आणले असते तर? 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीस किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेप आहे. मार्गदर्शन मागवणाऱ्याला मात्र कोणतीही शिक्षा नाही.

'अमेरिकेत चालते, मग इथे का नाही?' असे अनेक अनिवासी मित्र विचारतात. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी पुंगळ्या भरण्यास संघराज्याचा परवाना लागत नाही, विक्रीसाठी लागतो. आपल्याकडील नियंत्रणाचा सारा पाया काडतुसांच्या मोजणीवर आहे. किती घेतली, किती झाडली, किती उरली, याची नोंद ठेवावी लागते. घरोघरी यंत्रे आली तर त्या नोंदीला अर्थ उरणार नाही. म्हणून घरातील यंत्रास माझा आजही विरोध आहे.

परंतु नकार देऊन शासनाची जबाबदारी संपत नाही. 2020 मध्ये केंद्राने नेमबाजांची काडतूस-मर्यादा वाढवली; .22 साठी ती 1000 वरून 5000 झाली. ते योग्यच झाले. .22 च्या पुंगळीत पेटणारे मिश्रण कडेतच भरलेले असल्याने ती पुन्हा भरणे व्यवहार्य नसतेच. पण मर्यादा वाढली म्हणून दुकानात माल येत नाही, किंमतही उतरत नाही. सेंटर-फायर नेमबाजाची खरी अडचण तीच आहे.

मार्ग अवघड नाही. 2016 च्या शस्त्र नियमांत नेमबाजी क्लब व रेंज यांच्या परवान्याची तरतूद आहेच. त्याच चौकटीत मान्यताप्राप्त क्लबला एक साधे यंत्र, कुलूपबंद खोली, दारू व प्रायमरची नोंदवही आणि प्रशिक्षित जबाबदार व्यक्ती, एवढ्या अटींवर परवाना द्यावा. भरलेले प्रत्येक काडतूस रेंजवरच झाडले जावे. मोजणीही राहील, सरावही होईल. आणि घरी यंत्र ठेवता येणार नाही, हे नियमात एका स्वतंत्र वाक्यात लिहावे.

भाच्याला मी सांगितले, "साधे यंत्र घे, आणि परत येताना तिथेच विकून ये." जे वाचक आज परवाना शाखा सांभाळत असतील त्यांना एकच विनंती आहे. असा अर्ज आला तर कायदा स्वतः वाचा आणि त्याच आठवड्यात उत्तर द्या, मग ते 'नाही' असले तरी.