फवारणीआधी निचरा मोजा

ढोबळी मिरचीचा शेंडा पिवळा पडला की आपली पहिली धाव कृषी सेवा केंद्राकडे. सूक्ष्म अन्नद्रव्यांची पुडी येते, फवारणी होते, चार दिवस झाड बरं दिसतं आणि पुढची फूट पुन्हा पिवळीच निघते. मातीत अशी चूक थोडीफार खपते, कोकोपीटमध्ये नाही. तिथे झाडाला आपण देऊ तेवढंच मिळतं, आणि दिलेलं सगळं लागू पडेलच असंही नाही.

कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, ही लोहाच्या कमतरतेची खूण. पण पॉलिहाऊसमध्ये अनेकदा टाकीत लोह पुरेसं असतं. बिघडलेला असतो तो सामू. कोकोपीटमध्ये तो साधारण 5.5 ते 6.5 हवा. दख्खनच्या कातळातलं विहिरीचं, बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड, बायकार्बोनेटयुक्त. तेच रोज ठिबकमधून दिलं की सामू साडेसातकडे सरकतो. सामूतला एक अंक म्हणजे आम्लतेत दहापट फरक. ईडीटीए प्रकारचं लोह साडेसहाच्या वर फारसं टिकत नाही, ईडीडीएचए टिकतं, पण ते महाग. त्यापेक्षा पाणी तपासून घ्या आणि नायट्रिक किंवा फॉस्फोरिक आम्लाने बायकार्बोनेट कमी करा. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही.

जुन्या पानांत शिरांमधला भाग पिवळा झाला तर संशय मॅग्नेशियमवर. फळाचं टोक काळं पडलं तर कॅल्शियमवर, अर्थात पाणी अनियमित दिलं तरी तसंच होतं. या दोन्हींच्या मागे खुद्द कोकोपीट असू शकतं. नारळाच्या सोडणात पोटॅश आणि सोडियम भरपूर असतात आणि ते तंतूंना चिकटून बसतात. नुसत्या पाण्याने धुतलं तर सुटे क्षार जातात, चिकटलेले राहतात. मग आपण दिलेलं कॅल्शियम कोकोपीटच धरून ठेवतं, बदल्यात पोटॅश सोडतं आणि रोप उपाशी राहतं. म्हणून लागवडीपूर्वी ठोकळे कॅल्शियम नायट्रेटच्या द्रावणात रात्रभर भिजवून निथळायला हवेत. स्वस्त, न धुतलेला माल घेऊन ही पायरी गाळणं मला अक्षम्य वाटतं. पुढचा सगळा हंगाम त्याची किंमत मोजतो.

पान उशिरा बोलतं, निचरा आधी. दिलेल्या पाण्याचा आणि पिशवीखालून निथळलेल्या पाण्याचा सामू व ईसी (विद्युत वाहकता, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा अंदाज) एकाच वेळी मोजा. निचऱ्याची ईसी फार चढली असेल तर क्षार साठताहेत. अशा वेळी आणखी खत देणं म्हणजे मुळं जाळणं. सामूचा मीटर मात्र 4 आणि 7 सामूच्या द्रावणांवर नियमित जुळवलेला हवा, नाहीतर आकडेच फसवतात.

या आठवड्यात फवारणीचा पंप उचलण्याआधी दोन-तीन पिशव्यांखाली भांडी ठेवा, आकडे वहीत लिहा आणि मगच दुकानाची पायरी चढा.