तारणाची खात्री : गोरे आणि रमाबाई

आळंदीहून निघालेली ज्ञानोबांची पालखी दरवर्षी दिघी ओलांडून विश्रांतवाडीमार्गे पुण्यात येते. त्या वाटेवर चालणाऱ्या वारकऱ्याला, 'तुला मोक्ष मिळणार याची खात्री आहे का?' असे कोणी विचारत नाही. विचारलेच, तर तो प्रश्न त्याला काहीसा अप्रस्तुत वाटेल. आपल्या संतांनी मोक्षापेक्षा भक्तीसाठी पुन्हा जन्म मागितला. ख्रिस्ती माणसाची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या श्रद्धेत जन्म एकच, न्यायही एकदाच. त्यामुळे विश्रांतवाडी-खडकी भागातल्या एखाद्या प्रार्थनासभेत 'तुमच्या तारणाची तुम्हाला खात्री आहे काय?' असा प्रश्न आला, की ऐकणारा अंतर्मुख होतो, आणि पुष्कळदा घाबरतोही.

या प्रश्नावर ख्रिस्ती जगात एकमत कधीच नव्हते. विशेष साक्षात्कार झाल्याशिवाय आपल्या अंतिम तारणाची निःसंशय खात्री कोणी बाळगू नये, असे रोमन कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने १५४७ मध्ये ठरवले. कॅल्विनच्या अनुयायांनी १६१८-१९ च्या डॉर्ट येथील सभेत उलट बाजू घेतली : देवाने ज्यांना निवडले ते अखेरपर्यंत टिकतातच. वेस्लीच्या परंपरेने मधला मार्ग काढला. आजची खात्री शक्य आहे, पण माणूस कृपेपासून ढळूही शकतो. आपल्याकडच्या वाचकाला हा वाद अगदीच अपरिचित नाही. माकडाचे पिल्लू आईला स्वतः घट्ट धरून राहते, मांजरीचे पिल्लू मात्र आईच्या तोंडात निवांत लोंबते. दक्षिणेतल्या वैष्णवांनी कृपेसंबंधी याच दोन दृष्टान्तांवर पिढ्यान्‌पिढ्या वाद घातला आहे.

वादाचे ठीक आहे. पण समजा, चर्चला यायचे सोडून दिलेला एक तरुण अकाली गेला आणि त्याच्या आईने पाळकांना विचारले, 'माझ्या मुलाचे काय झाले असेल?' 'त्याने तारण गमावले' हे एक उत्तर. 'त्याचे तारण मुळात झालेच नव्हते' हे दुसरे. दुसरे उत्तर वरवर सैद्धान्तिक वाटते, पण तेच अधिक निष्ठुर आहे. त्या मुलानेही एके काळी मनापासूनच प्रार्थना केली होती. त्याचा विश्वास खोटा ठरत असेल, तर आईने स्वतःचा विश्वास खरा कशावरून मानायचा? सार्वकालिक सुरक्षिततेचा सिद्धान्त अशा रीतीने आपल्याच पायाखालची जमीन काढून घेतो. दोन्ही उत्तरे माणसाला शेवटी स्वतःचेच मन तपासायला लावतात, आणि मन ही काही खात्री शोधण्याची जागा नव्हे.

या संदर्भात मराठी ख्रिस्ती इतिहासातली दोन माणसे मला महत्त्वाची वाटतात. पहिले नीळकंठशास्त्री, म्हणजेच नेहेम्या गोरे. काशीतला हा चित्पावन पंडित १८४८ मध्ये ख्रिस्ती झाला. 'षड्दर्शनदर्पण' लिहून त्याने हिंदू दर्शनांचे खंडन केले. अशा वादपटू माणसाच्या ठायी निश्चिती काठोकाठ भरलेली असेल, असे आपण गृहीत धरतो. वस्तुस्थिती उलट होती. १९०० साली गार्डनर यांनी प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या चरित्रात आयुष्यभर पाठ न सोडणाऱ्या शंका दिसतात. त्या शंकांसह गोरे १८९५ मध्ये वारले. पण धर्म त्यांनी सोडला नाही.

दुसऱ्या पंडिता रमाबाई. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या निर्णयात गोऱ्यांच्या लेखनाचा वाटा मोठा होता, हे त्यांनी स्वतः नमूद केले आहे. मात्र आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, असे त्या १९०७ च्या आपल्या साक्षीत म्हणतात. खात्री आली ती १८९१ च्या सुमारास, शारदासदन पुण्यात आल्यावर. बाप्तिस्म्यानंतर तब्बल आठ वर्षांनी. विल्यम हॅस्लम या इंग्रज पाद्रीचे आत्मकथन वाचून त्यांना या आत्मपरीक्षणाची चालना मिळाली. दीक्षा घेऊन पाद्री झालेल्या हॅस्लमलाही खात्री मिळाली ती पुढे, स्वतःच प्रवचन करता करता.

या घटनाक्रमाकडे नीट पाहावे. जिला पुढे पूर्ण खात्री लाभली, तिला चर्चच्या दाराशी आणणारा माणूस स्वतः शंकाग्रस्त होता. खात्री ही खऱ्या ख्रिस्ती माणसाची ओळखखूण मानली, तर गोरे बाहेर पडतात, आणि १८८३ ते १८९१ या काळातल्या रमाबाईही. इतक्या माणसांना बाहेर काढणारी कसोटीच चुकीची असली पाहिजे.

खात्री मिळाली की माणूस बेफिकीर होतो, हा सार्वकालिक सुरक्षिततेवरचा नेहमीचा आक्षेप. रमाबाईंचे चरित्र त्याला पुरेसे उत्तर आहे. खात्री मिळाल्यानंतरच्याच काळात त्यांनी १८९६-९७ च्या दुष्काळातल्या शेकडो मुली-बायकांना आश्रय दिला, केडगावला मुक्तिसदन उभे केले, आणि हिब्रू-ग्रीक शिकून बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम १९२२ मधल्या मृत्यूपर्यंत चालवले. स्वतःच्या तारणाचा हिशेब रोज मांडत बसण्याची गरज उरली नाही, म्हणून इतरांकडे पाहायला त्यांना सवड मिळाली. खात्रीचा खरा उपयोग मला हाच दिसतो.

पण म्हणून ती कोणाकडून वसूल करता येत नाही. योहानाच्या शुभवर्तमानात आपल्या मेंढरांना कोणी आपल्या हातातून हिसकावून घेणार नाही, असे ख्रिस्त सांगतो. ते आश्वासन धरणाऱ्या हाताविषयी आहे. मेंढराच्या मनात त्या क्षणी काय चालले आहे, याविषयी नाही. आपल्या मंडळ्यांत व्यासपीठावरून हे आश्वासन जरूर द्यावे, पण 'तुम्हाला खात्री आहे काय?' ही उलटतपासणी थांबवावी. मुलगा गेलेल्या आईला पाळकांनी देवाच्या विश्वासूपणाविषयी सांगावे, आणि मुलाविषयीचा निवाडा देवावर सोडावा. तो देण्याचा अधिकार कोणत्याही सिद्धान्ताने पाळकांना दिलेला नाही.